माथ्यावरचा नाला

सत्तरच्या दशकात मी शहराच्या सदर भागातल्या एका नकाशा कार्यालयात होते. काम ठरलेलं: वरिष्ठांनी पेन्सिलीने काढलेल्या रेषा शाईने गिरवायच्या. नाले निळे, उंचीच्या रेषा तपकिरी. जे जंगल गिरवत होते तिथे मला जायचं होतं. मोजणीच्या तुकडीत बाई नको, असं साहेबांनी दोनदा सुनावलं होतं.

त्या दिवशी पुढ्यात चांदा जिल्ह्यातल्या दूरच्या डोंगरांचा कागद होता. नाला जुन्या मोजणीतला. उंचीच्या रेषा विमानातून घेतलेल्या नव्या फोटोंवरून भाऊंनी काढलेल्या. भाऊ म्हणजे आमचे सर्वांत जुने आरेखक. एका कोपऱ्यात माझा टाक थांबला.

"भाऊ, हा नाला डोंगराच्या माथ्यावरून वाहतो."

"जुन्या लोकायनं चुकवला असंन. तू गिरव ना वं! काहून डोकं लावून राहिली?"

सगळे हसले. मी उठून भाऊंच्या टेबलाशी गेले, तिथे फोटो अजून मांडलेलेच होते. एकाच जागेचे दोन फोटो शेजारी ठेवून दोन भिंगांतून पाहिले की जमीन उभी राहते. पण डावा-उजवा बदलला तर उलटंच दिसतं, दरी वर येते आणि डोंगर खचतात. मी फोटोंवरचे क्रमांक पाहिले. बदललेच होते! सरळ मांडून भिंगांवर वाकले. भाऊंना डोंगराची धार दिसली होती तिथे जमीन एकदम खाली कोसळली. खोल, अरुंद दरी, आणि तळाशी नाला. "भाऊ, ही दरी आहे!" मी ओरडलेच.

आवाज ऐकून साहेब आले. "बाई, चुकलात तर पुन्हा जंगलाचं नाव काढायचं नाही."

"आणि बरोबर असले तर?"

साहेब भिंगांवर वाकले. क्रमांक स्वतः तपासले आणि भिंगं भाऊंकडे सरकवली. मग भाऊंनी पाहिलं आणि खोडरबर उचललं.

"जेवून आल्यावर घाईत मांडले साहेब. पण आता तिथं जाऊन खात्री करा लागते."

"कोण जाईल?"

"जिनं दरी पाडली, तिलेच पाठवा ना!"

साहेबांनी तुकडीची यादी मागवली आणि उभ्यानेच माझं नाव लिहिलं.

सुटी होताच मी सदरच्याच दुकानातून कॅनव्हासचे बूट घेतले. एक नंबर मोठे, आत दोन मोजे मावावेत म्हणून.