प्रेमानंद सरांच्या परिपाठातली मांजर

माझा लेक प्रेमानंद मास्तर आहे. भांडणात आवाज चढवायची वेळ आली की तो आधी पाणी प्यायला जातो, आणि पिऊन येईस्तोवर भांडण संपलेलं असतं. एकदा लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं त्याच्या सदऱ्यावर भाजी सांडली, तर हाच वाढप्याला ‘माफ करा’ म्हणाला. असा माणूस बातम्यांच्या भानगडीत कसा पडला, ते सांगते.

त्याची शाळा सक्करदऱ्याला, तलावाच्या मागच्या अंगाला. रोज सकाळी तिथं परिपाठ होतो. पोट्टे ओळीत उभे राहतात, प्रतिज्ञा म्हणतात, एक जण सुविचार सांगतो, एक जण बातम्या वाचतो. पहिले त्या बातम्या पेपरातून उतरवून आणत. कोण्या मंत्र्यानं कुठली फीत कापली, ते ऐकत लेकरं उन्हात उभी. परिपाठ प्रेमानंदाकडं आला, आणि त्याला ते पटेना. त्यानं नियम केला, बातमी आपल्याच शाळेची पाहिजे, आणि वाचणाऱ्यानं ती आपल्या डोळ्यानं पाहिलेली पाहिजे. वाचून झालं की तो विचारतो, “पाहिलं का?” पोट्टं म्हणतं, “पाहिलं, सर,” आणि ओळीत जाऊन उभं राहतं.

मग काय बातम्या यायच्या! “काल कुसुमताई मॅडमच्या तासाला पंखा बंद होता. मॅडम पण झोपल्या होत्या.” एका पोरीनं वाचलं, “मुलींच्या संडासाच्या दाराले कडी नाही. मैत्रिणीले बाहेर उभं करा लागते.” आठवड्याच्या आत कडी बसली. अर्ज करून करून मॅडम थकल्या होत्या, ते त्या पोरीच्या दोन वाक्यांनी झालं.

मुख्याध्यापक गिरिधर सरांना हे सगळं टोचायचं. पण खरी गंमत ते कसलंसं प्रशिक्षण घेऊन आल्यावर सुरू झाली. तिकडून आले ते मोबाइलला एक लांब काठी लावूनच. झाड लावलं, फोटो. खिचडी वाढली, फोटो. पोट्टे हात धुतात का, हे कोणी विचारत नाही, हात धुतानाचा फोटो पाहिजे. प्रेमानंद म्हणायचा, “माय, मी मास्तर आहो का फोटोवाला, मलेच समजून नाही राहिलं.”

मग सरांनी परिपाठच लाइव्ह केला. म्हणजे इकडं पोट्टे उभे, तिकडं घरोघरी आईबाप मोबाइलवर पाहतात. आणि बातम्या? त्या मोबाइलच लिहून देणार. त्याला नुसतं सांगायचं, आमच्या शाळेची छान बातमी लिही. तो लिहितो. शाळेत पाय न ठेवता! अशा बातम्या तयार करणाऱ्या बाया आमच्या वस्तीतही आहेत, पण त्यांना कोणी तंत्रज्ञान म्हणत नाही.

त्या दिवशी बातम्या वाचायची पाळी पायलची होती. पायल सहावीत. बाप बुटीबोरीला कंपनीत कामाला, घर आमच्या मागच्या गल्लीत. माझी सून माया पोळ्या लाटत होती, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवलेला, आणि मी समोर बसून पाहत होते. सरांनी दिलेला कागद पायलनं वाचला, “आमच्या शाळेच्या सुसज्ज संगणक कक्षात विद्यार्थी आनंदाने शिक्षण घेत आहेत.”

आणि प्रेमानंदानं, सवयच ती, विचारलं, “पाहिलं का?”

विचारल्याबरोबर त्यानं जीभ चावली, ते मला मोबाइलवरसुद्धा दिसलं. पण पायल म्हणाली, “नाही सर. पाहून येतो,” आणि ओळीत न जाता निघालीच.

“पायल, थांब! अगं थांब!” म्हणत गिरिधर सर तिच्या मागं. घाईत काठी हातातच राहिली, मोबाइल चालूच. आम्हाला कधी छत दिसे, कधी सरांचे बूट. मग एक फुटक्या काचेची खिडकी आली, आणि तिच्यावर चढलेली पायल. कितीक वर्षं कुलूप असलेली ती खोली. आत धूळ, झाकून ठेवलेले कम्प्युटर, आणि खोक्यात आरामात पसरलेली एक मांजर.

पायलनं मागं वळून खणखणीत सांगितलं, “सर, आनंदानं शिक्षण कोणीच नाही घेऊन राहिलं. मांजर आहे. तिले तीन पिल्लं आहेत. बातम्या संपल्या.”

मायाची पोळी जळली. मी तिला काय बोलणार, माझाही चहा उतू गेला होता.

दुपारी प्रेमानंद घरी आला तो तोंड पाडून. बगलेत एक खोकं. त्यानं ते स्वयंपाकघरात ठेवलं, तर आतून म्यांव.

“हे काय गा?”

“सरांनी कुलूप तोडाले लावलं. म्हणे, मांजर तलावापल्याड सोडून या, नामोनिशान नाही राहिलं पाहिजे. मले नाही सोडवलं, माय.”

“मंग एवढं तोंड काहून पाडलं?”

“सर म्हणते, उद्या लाइव्हमध्ये पायलनंच सांगाचं, कालची बातमी चुकीची होती. नाहीतर बातम्या बंद अन् परिपाठ दुसऱ्याकडे.” तो खाली बसला. “पोरीनं डोळ्यानं पाहिलं. पाहाले मीच शिकवलं. आता मीच तिले सांगू का, तू नाही पाहिलं म्हणून?”

आणि उठून पाणी प्यायला. पुन्हा प्यायला. मी म्हटलं, “अरे, माठ रिकामा करशील.”

संध्याकाळी त्यानं पायलला बोलावून घेतलं. ती दारातूनच “जय भीम, आजी” म्हणाली. तिला पाहिलं आणि आमचे मास्तर पेला घेऊन माठाकडं! मग मीच तिला खोक्याजवळ नेलं. ती उकिडवी बसली, पिल्लांकडं पाहत राहिली, आणि तिचा चेहराच उतरला.

“आजी, हे तर चार आहेत.”

“असू दे की वं. एवढं काय त्यात?”

“मी तीन सांगितले. हे काळं मायच्या पोटाखाली दबून होतं, मले दिसलंच नाही.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “माझी बातमी चुकली, आजी.”

प्रेमानंद भरला पेला हातात घेऊन मागं उभा होता. “काय म्हटलं, पायल?”

“बातमी चुकली, सर. उद्या सगळ्यांसमोर सांगा लागंल मले.”

त्यानं पेला तसाच ओट्यावर ठेवला. एक घोटही न घेता. “सांग,” तो म्हणाला. “येताना ती खोली पण पाहून ये. जे पाहशील ते सगळं सांग.”

दुसऱ्या दिवशी मायानं पोळ्या आधीच उरकल्या. पायल पुढं आली. “कालची बातमी चुकीची होती,” ती म्हणाली. गिरिधर सर एवढे खूश झाले की त्यांनी काठी आणखी पुढं केली. पायलचं तोंड पूर्ण मोबाइलभर झालं.

“पिल्लं तीन नाहीत, चार आहेत. चौथं मांजरीखाली होतं. मांजर आता प्रेमानंद सरांच्या घरी आहे. कम्प्युटरची खोली उघडी आहे. त्यातला एकही कम्प्युटर सुरू होत नाही. बातम्या संपल्या.”

“पाहिलं का?” प्रेमानंदानं विचारलं. एवढा मोठा आवाज मी त्याचा लग्नातसुद्धा ऐकला नव्हता.

“पाहिलं, सर!”

त्याच दिवशी शाळा सुटताना आईबापांनी फाटकाशी गिरिधर सरांना घेरलं. म्हणे, कम्प्युटर कधी सुरू करता ते सांगा. आता एक सुरू झालाय, त्याच्याभोवती अर्धा वर्ग बसतो. बातम्या प्रेमानंदाकडंच आहेत. लाइव्ह तेवढं बंद पडलं. नेट चालत नाही, असं गिरिधर सर सांगतात. त्यांच्या काठीनं पोट्टे छतावर अडकलेलं बॅडमिंटनचं फूल काढतात.

मांजर काही आमच्याकडून गेली नाही. पायल अधूनमधून येते, पिल्लं मोजते, आणि जाताना त्यांच्या दुधाच्या वाटीत डोकावून पाहते. म्हणून ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की मी हातातलं काम सोडून आधी वाटी भरते. या वयात परिपाठात माझं नाव नको.