भाकरीवाल्या रंगूची अर्ध्या तासाची सुट्टी

दाभोशाची रंगू जव्हारच्या एका हॉटेलात नागलीच्या भाकऱ्या भाजायची. सकाळच्या जीपने येऊन चुलीपुढे बसली, की उन्हं कलल्यावरच उठायची. मालक श्रीकृष्णशेट माणूस तसा वाईट नव्हता. फक्त नोकरांनाही भूक लागते, दम लागतो, हे त्याच्या ध्यानात राहत नसे.

एकदा शिरपामाळ बघून आलेली एक पर्यटक बाई मागच्या दारी आली, भाकरीचं तोंडभर कौतुक केलं आणि जाताना म्हणाली की मावशी, तुमच्यासाठी डब्यात टाकलेत बरं का. कसला डबा, हे रंगूला ठाऊकच नव्हतं. वाढपी जगनने सांगितलं तेव्हा उलगडा झाला. गिऱ्हाइकांची सगळी टीप गल्ल्याशेजारच्या डब्यात जायची आणि शनिवारी तिचे तीन वाटे व्हायचे. एक वाढप्यांचा, दोन शेटचे, फुटलेल्या कपबश्यांपायी.

"तेवढ्या कपबश्या या हॉटेलात कधी आल्याच नाहीत," जगन म्हणाला.

रंगूने सरळ शेटला विचारलं. शेटने समजावलं, की टीप मिळते ती गिऱ्हाइकासमोर राबणाऱ्याला, आणि तू पडलीस मागच्या खोलीतली.

दुसऱ्या दिवशी रंगूने शेगडी, तवा आणि परात उचलली नि थेट गल्ल्यापुढे मांडली. ते बघून भांडी घासणारी पुष्पाही आपलं घमेलं घेऊन बाहेर आली. गिऱ्हाइकं खूश होऊन फोटो काढू लागली. शेटच्या पांढऱ्या शर्टावर एका बाजूने पीठ उडत होतं, दुसऱ्या बाजूने खरकटं पाणी. तासाभरात त्याने दोघींना हाकललं आणि उद्यापासून तोंड दाखवू नका म्हणून सांगितलं.

त्या रात्री रंगूला झोप लागली नाही. पण जगनने कामगार कार्यालयाला अर्ज लिहिला, पुष्पाने सही केली, तेव्हा तिनेही केली. आठ-दहा दिवसांनी कामगार अधिकारी अवंतीबाई स्वतः हॉटेलात आल्या, दोघींनाही त्यांनी बोलावून घेतलं होतं. कामाचे तास किती, जादा तासांचा पगार कुठे, मधली सुट्टी कधी, असं विचारत गेल्या. सुट्टीचं नाव निघताच शेटला जोर चढला.

"मॅडम, ही दिवसभर बसूनच असते. आणखी कसली विश्रांती देऊ?"

येताना जीपमध्ये पाठ केलेलं सगळं भाषण रंगू विसरली होती. सुचलं तेवढं बोलली.

"शेट बी गल्ल्यावर बसूनच असतो. मंग दुपारचा झोपाया घरी कशाला जातो?"

जगनने भिंतीकडे तोंड फिरवलं. अवंतीबाई कागदात बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या.

अखेर शेटने सगळं लिहून दिलं. दोघींना कामावर परत घेणार, जादा तासांचे पैसे देणार, दुपारी अर्धा तास सुट्टी, आणि डबा सगळ्या कामगारांचा, चुलीपाशी बसणाऱ्यांचाही.

सुट्टीच्या पहिल्याच दिवशी नाशिकची बस भरून माणसं जेवायला आली. दुसरं कुणी नव्हतं म्हणून शेट स्वतः चुलीपुढे बसला. रंगू मागच्या फणसाखाली आडवी झाली, पण तिला काही डोळा लागेना. आतून करपल्याचा वास येत होता. शेट खोकत होता, आणि एक गिऱ्हाईक या पदार्थाला काय म्हणतात ते विचारत होतं. भाकरीची दुर्दशा तिला ऐकवेना. ती उठायला लागली, तशी पुष्पाने तिचा पदर धरला.

"कुठं निघालीस? अजून बारा मिनटं हायेत."

रंगू परत आडवी झाली आणि तिने कूस बदलली.