स्क्रीनवर ओळखलेली पहिली गाठ

मंडळी, आज मी जिंकले!

जळगावात पॅथॉलॉजिस्ट म्हणून माझं आयुष्य मायक्रोस्कोपला डोळे लावून गेलं. आता लॅबमध्ये स्लाइड स्कॅन करणारं मशीन आलंय, पेशी थेट कॉम्प्युटरवर दिसतात. पण मायक्रोस्कोपमध्ये स्लाइड डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे जातं. हाताला तीच सवय! त्यामुळे माऊस धरला की मी हमखास उलट्या दिशेला.

आज धरणगावच्या एक अक्का मानेतल्या गाठीचा रिपोर्ट घ्यायला आल्या. सोबत मुलगा. दोघांनी मनात कॅन्सरच धरलेला.

मी हट्टाने स्क्रीनवरच बघायला बसले. चुकले, मागे आले, परत चुकले. आणि एकदाचा हात वळला! गाठ कोपरान् कोपरा पाहिली. कॅन्सर कुठेच नाही, टीबीच्या खुणा मात्र स्पष्ट. खात्रीसाठी मला शिकवलेल्या पुण्याच्या सरांना फोन केला. तीच स्लाइड त्यांनी तिथे बसून आपल्या कॉम्प्युटरवर पाहिली. "बरोबर आहे तुझं," म्हणाले. एरवी ही स्लाइड कुरिअरने गेली असती आणि घरचे झुरत बसले असते.

"म्हणजे कॅन्सर नई शे ना, ताई?"

"नाही अक्का. टीबी आहे, औषधांनी बरा होतो."

मुलाला रडू फुटलं. अक्का त्याच्यावरच डाफरल्या, "रडस काय? गाडी काढ!"

तुमच्या हाताची कुठली सवय सुटता सुटत नाही, सांगा बरं. मी आत्ता निघताना मायक्रोस्कोपचा दिवा बंद करायला गेले. आज तो लावलाच नव्हता!