दोघांचं मिळून वजन

आमचे हे वजनकाटे दुरुस्त करतात. भाजी घ्यायला गेले तर भाजीकडे बघायचं सोडून काट्याकडे बघतात, आणि पाच ग्रॅमचा फरक दिसला की पिशवी माझ्या हातात देऊन खिशातला स्क्रूड्रायव्हर काढतात. दुकानदार कपाळाला हात लावतो. मी दुसरीकडे बघते.

अशा माणसाला साठी उलटल्यावर तळ्यात शिडाची होडी चालवायचं खूळ लागलं. तीही साधी नको, कॅटामरान हवी. म्हणजे शेजारी शेजारी दोन सडपातळ होड्या, मध्ये ताणून बसवलेली जाळी आणि वर शीड. वर्षभर जेवणाच्या टेबलावर नुसती माहितीपत्रकं. मीठ मागितलं की त्यांच्याखालून शोधून द्यायचे. "दोघांनी जायचं," हे एकच पालुपद. मी म्हटलं, "मला पोहता येत नाही, उजवा गुडघा दुमडत नाही. तुम्ही जा, मी काठावरून हात हलवते." तर चेहरा एवढासा झाला.

शेवटी तळ्याकाठच्या होड्यांच्या शेडमध्ये गेलो. दोन कॅटामरान विकायच्या होत्या. धाकटीत पाय दुमडूनच बसावं लागणार, म्हणजे मी बाद. थोरलीची जाळी मात्र चांगली ऐसपैस. शेडवाल्याने हात देऊन मला वर चढवलं, मी पाय लांब केला आणि खोटं कशाला बोलू, उतरावंसंच वाटेना. हे खालून बघत होते. आमच्या लग्नातसुद्धा इतके खूश दिसले नव्हते.

मग शेडवाल्याने विचारलं, "दोघांचं मिळून वजन किती?"

होडी उलटली तर दोघांनी खालच्या बाजूवर उभं राहून दोरीला धरून मागे रेलायचं, तेव्हा ती सरळ होते. थोरलीला त्यासाठी एकशे पंचवीस किलो तरी लागतात. कमी पडलं तर मदत येईपर्यंत बसा बोंबलत.

"माझं साठ," हे म्हणाले. "हिचं एकोणसाठ."

एकोणसाठ! आकडा माझाच. बारा वर्षांपूर्वी, थोरल्या लेकीच्या लग्नाआधी, मी न्हाणीघरातल्या काट्याचं चाक गुपचूप मागे फिरवलं होतं. तेव्हापासून घरात माझं वजन ते.

"सहा किलो कमी पडतात," शेडवाला म्हणाला.

हे थोडा वेळ जाळीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "धाकटी द्या. मी एकटाच जाईन."

असा राग आला मला स्वतःचा! "थांबा!" मी ओरडले. "तो कोपऱ्यातला काटा चालतो ना? मी उभी राहते."

आणि हा माणूस, काय सांगू, आधी खाली बसला. काट्याखालची वाळू फुंकली, स्क्रूड्रायव्हरने शून्य जुळवलं आणि मगच म्हणाला, "आता चढ."

अडुसष्ट.

"घरच्या काट्यात नऊ किलोंचा फरक आहे," मान वर न करता हे म्हणाले. "बारा वर्षं झाली."

"तुम्हाला माहीत होतं? मग दुरुस्त का नाही केलात?"

"तक्रार कुठे आली होती?"

"आणि आत्ता? एकटे निघाला होतात!"

"तू एकोणसाठ सांगतेस. मी चारचौघांत अडुसष्ट कशाला म्हणू?"

शेडवाला उगाच एका दोरीची गाठ सोडवू लागला. मला हसू आलं आणि डोळेही भरले, तिथेच, काट्यावर उभ्या उभ्या.

परवा पहिल्यांदा दोघं थोरली घेऊन तळ्यात गेलो. तरंगायच्या जाकिटात मी पिंपासारखी दिसत होते, ते असो. मध्यावर वारा आला आणि माझ्या बाजूची होडी पाण्यातून वर उठली. "मागे सरक! अजून मागे!" हे ओरडले. मी पाय लांब केला आणि अडुसष्टच्या अडुसष्ट किलो मागे टाकले. होडी मुकाट्याने खाली आली.

काल सकाळी न्हाणीघरात गेले आणि म्हटलं, आता लपवायचं काय राहिलंय. अजून मागेच असलेलं चाक सरळ करायला वाकले, तोच दारातून ह्यांचा आवाज आला.

"राहू दे गं. बरोबर आहे तो."