निळ्या बॅगेतलं बाळंतपण

माळ्यावरची निळी बॅग उघडली की अस्तराला चिकटलेले पांढरे केस अजून दिसतात. बाबा रिटायर झाले, ताईला पदवी मिळाली, त्याच वर्षी आम्ही पहिल्यांदा विमानाने केरळला निघालो होतो. बाबांना अल्बमचा भारी नाद. त्यांनी चार कोऱ्या पानांवर आधीच 'केरळ' लिहून ठेवलं होतं. मुलुंडच्या आमच्या इमारतीखाली टॅक्सी येऊन उभी राहिली, बाबा बॅगेची चेन लावायला वाकले आणि तसेच थांबले. त्यांच्या इस्त्रीच्या शर्टांवर आमची मांजर तीन ओल्या पिल्लांना चाटत पडली होती. हिला मी घरात आणलं तेव्हा हेच बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. "शेजारच्या काकू बघतील ना तिला, चला आता," आई म्हणाली. बाबांनी खिडकीतून टॅक्सीवाल्याला हातानेच जायला सांगितलं आणि आईकडे वळून म्हणाले, "बाळंतिणीक घरात टाकून कोण जाता गो?" मग पिशवी घेऊन बाजारातून बांगडे आणायला गेले. केरळ मी नंतर दोनदा पाहिलं. पण कुणी विचारलं की अजून बाबांचा अल्बमच उघडते: वर 'केरळ', आणि खाली चारही पानं भरून मांजराची पिल्लं.