सहावा भाग

पुस्तक सुरीने चिरणारी माणसं मी जयपूरला येईपर्यंत पाहिली नव्हती. लग्न होऊन बनी पार्कजवळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले आणि पहिल्याच महिन्यात शेजारणीने माझ्या डोळ्यांदेखत एक जाडजूड कादंबरी पाटावर पालथी घातली, कांदे चिरायच्या सुरीने तिची शिवण उसवली आणि तिचे पाच भाग केले. माझ्या माहेरी, नाशिकला, पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करायचा. मी न राहवून म्हटलं, "अहो, हे काय करताय?" ती म्हणाली, "पुस्तक एक आणि उपाशी तोंडं पाच. माहेराहून येताना तू आण एखादं, ते आपण देव्हाऱ्यात ठेवू."

तिचंही बरोबर होतं. कुणी रजेवर गावी जाऊन आलं तरच तिथे मराठी पुस्तक दिसायचं. मग गोधडीच्या दोऱ्याने एकेक भाग शिवायचा, वर खाकी कागद चढवायचा आणि घरोघरी एकेक वाटायचा. वाचून झालं की अदलाबदल. क्रमाने वाचायचं ठरलेलं असे, पण दम कुणाला होता? चौथा भाग संपवून बसलेली बाई दुसऱ्याची वाट बघत असायची. त्यामुळे आमच्याकडे पुस्तकावर मतंही तुकड्यातुकड्यांनीच पडत. एकीला नायक देवमाणूस वाटायचा, दुसरीला पक्का हलकट, आणि आपापल्या भागापुरत्या दोघीही खऱ्या असायच्या. नियम एकच होता, दुसरीने न वाचलेलं आधी फोडायचं नाही.

ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात अशीच एक भयकादंबरी आली. तिच्यात भूत नव्हतं, हाडळ नव्हती. दोन मैत्रिणी एका ओसाड बंगल्याच्या तळघरात उतरतात, वरचं छत कोसळतं, आणि काही दिवसांनी त्यातली एकच जिवंत बाहेर येते. खरी गोष्ट त्यानंतरची. ती बाई पुण्यात संसार करते, नोकरी करते, पण तिच्या भिंतीआडून कुणीतरी टकटक करत राहतं. ती चहाचे दोन कप भरते. तळघरात नेमकं काय झालं, हे लेखक थोडं सांगतो आणि पुढच्या पानावर काढून घेतो.

आमच्यातली पाचवी त्या उन्हाळ्यात माहेरी गेली होती, उरलेल्या चौघींच्यात या बाईचा रोज दुपारी आमच्या व्हरांड्यात खटला चाले. नागपूरच्या वहिनींचा नवरा सिग्नलमध्ये होता आणि त्यांच्या जिभेलाही हिरवा दिवा कायमचाच. त्या म्हणत, "मी तं सांगते, ते बाई खोटं बोलून राहिली. तिनंच मारलं मैत्रिणीला." भुसावळची शेजारीण, तीच ती सुरीवाली, जयपुरात इतकी वर्षं राहिलेली की निम्मी हिंदीच बोलायची. आपला भाग ती दिवसाउजेडी वाचायची आणि संध्याकाळी माझ्याकडे आणून टाकायची. "रात को घरात नको बाई ते." तिसरी एका सुभेदाराची बायको, कोल्हापूरकडची, लष्करी वसाहतीतून सायकलरिक्षाने यायची. तिचं मत एका वाक्यात, "एक चांगला डाक्टर दावा तिला, टकटक बंद हुतीय."

हे सगळं खिडकीतून आत ऐकू जाई, आणि आत माझ्या सासूबाई निजलेल्या होत्या.

सासूबाई पाटण खोऱ्यातल्या. नऊ-दहा वर्षांच्या असताना घरावर दरड कोसळली आणि त्या व त्यांची थोरली बहीण एका अंथरुणात गाडल्या गेल्या. सासूबाईंना दोन दिवसांनी जिवंत काढलं. बहीण गेली. त्या मातीने सासूबाईंचा उजवा डोळा कायमचा नेला. घरात एवढं माहीत होतं, आणि याच्या पुढे विचारायचं नाही हेही माहीत होतं. काळोखाचं त्यांना वावडं होतं. दार लोटलेलं त्यांना चालत नसे, न्हाणीघराचंसुद्धा.

आता उरलेल्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. लोक हे ऑपरेशन थंडीत करून घेतात, पण डॉक्टर म्हणाले की थांबण्यात अर्थ नाही. डोळ्यावर पट्टी आली. म्हणजे सगळा काळोखच. डोकं हलू नये म्हणून उशीच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं की खोकायचं नाही, वाकायचं नाही आणि रडायचं तर मुळीच नाही. टाका सुटला तर डोळा जाईल, आणि त्यांना दुसरा नाहीये. माझे यजमान गार्ड, तीन-तीन दिवस गाडीवर. म्हणजे त्या डोळ्याची राखण माझ्याकडे होती, आणि मी आतून पार टरकले होते.

शांतता झाली की सासूबाई चादर मुठीत आवळायच्या. कुणाचा तरी आवाज लागायचा त्यांना. मी पोथी काढली, तर म्हणाल्या, "ती मला पाठ हाय. त्या बाया भाईर कुणाच्या नावानं भांडत्यात, ते वाच."

मी नाही नाही म्हणून पाहिलं. पण सासूबाई हट्टाला पेटल्या की हत्तीलाही बधल्या नसत्या. मी वाचायला लागले. आजारी माणूस म्हणून शेजारणी हातचा भाग सोडून आधी आमच्याकडे देत, आणि मी क्रमानेच वाचत होते.

एकदा त्यांनी मला मध्येच थांबवलं. "आता ती भितीला कान लावंल. टकटक भाईरनं न्हाई, आतनं येतीय का बघंल." मी पान उलटलं. तेच लिहिलेलं होतं. "आई, तुम्ही ही गोष्ट कुठे ऐकली होती का?" "न्हाई. दुसरं काय करंल ती?" त्या म्हणाल्या.

त्या दिवसांत त्या खाटेच्या अगदी कडेला सरकून निजायच्या. पडतील म्हणून मी भिंतीकडच्या मोकळ्या बाजूला बसायला गेले, तर म्हणाल्या, "तितं नगं." दुपारी मी डाळ निवडत असले की त्यांचं पुटपुटणं ऐकू यायचं. "काही हवंय का, आई?" "तुला न्हाई बोलले." खोलीत आम्ही दोघीच होतो. बाहेर कडुलिंबावर मोर ओरडला की मी उगीच भिंतीकडे बघायचे. पुस्तकाची भीती मला कधीच वाटली नाही. मला सासूबाईंची भीती वाटायला लागली होती, आणि त्याची लाजही वाटत होती.

पाचवा भाग मी एका सकाळी वाचून संपवला. शेवटी ती बाई आपल्या भिंतीवर आतून टकटक करते आणि पुस्तक संपतं. तळघरात काय झालं ते लेखक सांगतच नाही. संपूर्ण पुस्तक तोवर दोघींनाच ठाऊक होतं, मी वाचलेलं आणि त्यांनी ऐकलेलं. बाकी तिघींचा कुठला ना कुठला भाग राहिलाच होता, आणि शेवटचा तर तिघींचाही.

त्याच दुपारी आंधी, तिकडचं धुळीचं वादळ, आली. आभाळ आधी पिवळं आणि मग विटकरी झालं. तिघीजणी व्हरांड्यातून धावत आत आल्या. मी खिडक्या लावल्या, फक्त दार उघडं ठेवलं. दिवा लावावा तर वीज गेली आणि कूलर घरघरत थांबला. एकदम ऐकू आली ती पत्र्यावरून घरंगळणारी वाळू.

"माती कोण टाकतंय?" सासूबाईंनी विचारलं.

"वाळू आहे, आई. आंधी आलीय."

"आदी असंच वाजतं. बारीक."

भुसावळच्या शेजारणीने माझा हात धरला. वेळ निभावून न्यावी म्हणून नागपूरच्या वहिनींनी नेहमीचा खटला काढला. "मी तं अजूनही म्हणते, त्या बाईनंच मारलं."

"त्या पाण्याचं कुणीच कसं बोलत न्हाई?" सासूबाई म्हणाल्या.

"कुठल्या पाण्याचं, मावशी?" वहिनींनी विचारलं.

"गाडग्यातल्या. वरचं सगळं खाली आल्यावर तिच्या हाताला चुलीपाशी एक गाडगं लागलं. तळाला वाईच पाणी हुतं. मैत्रीण पल्याड हुती, वाशाखाली. दिसायची न्हाई. नुसती हाक यायची. मला पाणी दे, मला पाणी दे. हात लांब केला तर गाडगं पोचत हुतं. हिनं न्हाई दिलं. तिची हाक ऐकत ऐकत समदं पिली."

बंगल्याच्या तळघरात चूल कुठून येणार, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिघींनाही वाटलं, आपण न वाचलेल्या भागात असेल. सुभेदारीणबाईंनी विचारलंही, "कुठल्या भागात हाय ह्ये?"

"हिला इचारा. हिनं वाचलंय."

पुस्तकात नाही म्हणावं तर त्या सगळ्यांसमोर उघड्या पडतात. बोलू द्यावं तर डोळ्याचं काय? पट्टी बांधलेला तो चेहरा छताकडे होता, आणि त्यांना नेमकं काय हवंय हे मला त्या क्षणी कळलं. उभ्या जन्मात हा निवाडा त्यांनी कुणाकडे मागितला नव्हता. आता त्या बाईच्या आडून मागत होत्या.

"शेवटच्या," मी म्हटलं.

"राक्षसीण आहे मग ते," नागपूरच्या वहिनी ताडकन म्हणाल्या. "मैत्रिणीला घोटभर पाणी नाही देत कोणी?"

सासूबाई हलल्या नाहीत. "पुढचं ऐका. भाईर काढल्यावर लोकं म्हणली, मैत्रीण तर छत पडलं तवाच गेली. वासा डोसक्यातच बसला हुता."

बाहेर वारा वाढला. भुसावळची शेजारीण कुजबुजली, "मतलब... हाक कुणाची येत होती?"

वाळू घरंगळत होती. मग सुभेदारीणबाई हळूच म्हणाल्या, "मंग त्यात पाप कसलं? मेल्यालीला पाणी कशाला लागतंय? सुटली की ती."

"तिला कुटं ठावं हुतं मेलीय ते?" सासूबाई म्हणाल्या. "तिनं जित्ती समजूनच न्हाई दिलं."

इतके दिवस त्या बाईला सुळावर चढवणाऱ्या नागपूरच्या वहिनी पदराचं टोक चाळवत बसल्या.

"तू सांग गं," सासूबाई मला म्हणाल्या. "तूच समदं वाचलंयस. तू काय केलं असतंस?"

लहान होती ती, तिचा काय दोष, असं काहीबाही गोड माझ्या जिभेवर आलं होतं. डोळा सांभाळायचा तर तेच बोलायला हवं होतं. पण खोटं बोललेलं त्यांना कळलं असतं, काळोखात माणसाला आवाजातलं सगळं कळतं. मी खरंच विचार केला. ती माती, ते गाडगं, कोरडा पडलेला घसा.

"प्यायले असते," मी म्हटलं.

"समदं?"

"सगळं."

"आन् हाक?"

"ऐकू आली असती मला. तरी प्यायले असते, आई."

त्यांनी मूठ सोडली. बोटं एकेक करून चादरीवर सरळ झाली. आणि हवा-पाण्याचं बोलावं इतक्या साध्या आवाजात त्या म्हणाल्या, "व्हय. मी ऐकत हुते आन् पीत हुते."

नागपूरच्या वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. आपण राक्षसीण कुणाला म्हणालो, ते त्यांच्या चेहऱ्यावर चढत गेलं. मी खाटेवर वाकून पट्टी पाहिली. ती कोरडी होती. रडत होतो आम्ही चौघी, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून पदर तोंडात धरून.