कूलर बंद केला तो दिवस

घरच्या कूलरला नवी खस लावली की तिच्या पहिल्या ओल्या वासासरशी मला आमची जुनी लॅब आठवते. पेशीनं कधी वाढायचं, कधी थांबायचं याच्या चिठ्ठ्या आरएनए पोचवतो. कॅन्सरच्या गाठीत थांबायची चिठ्ठी कुठे हरवते, हे मी शोधत होते. लॅब झाडणाऱ्या मावशींनाही मी हे असंच सांगितलं होतं. पण आरएनए भारी नाजूक. महिनाभर माझ्या हाती त्याचे तुकडेच येत होते आणि गाठीचा एकच नमुना उरला होता. शेवटी मावशीच म्हणाल्या, "मॅडम, हा कूलर काहून लावता? पाणी सडून राहिलं त्याचं. सारी घाण तुमच्या नळ्यांवर उडून राहिली." मी ग्लोव्ह्ज दहादा बदलले होते, कूलरकडे मात्र पाहिलंच नव्हतं! भर मे महिन्यातल्या दुपारी तो बंद केला, टेबल पुसलं आणि घामानं निथळत काम केलं. संध्याकाळी आरएनए तपासायच्या जेलच्या पट्टीवर दोन ठळक रेषा उमटल्या. म्हणजे आरएनए अखंड होता. मी ओरडलेच. मावशी धावत आल्या. "आली का वं चिठ्ठी?" "आली मावशी, साबूत आली!" आता लॅबला एसी आहे, पण त्याची जाळी धुतल्याचं मावशींनी सांगितल्याशिवाय माझे विद्यार्थी एकाही नळीचं झाकण उघडत नाहीत.